पायवाटेचा परवाना

मॉरिशस म्हटलं, की आपल्याकडे लोक आधी गालातल्या गालात हसतात. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघांनी तिकडे जायचं ठरवलं, तेव्हा शेजारच्या वहिनींपासून ऑफिसातल्या सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी तोच चेहरा केला. पांढरीशुभ्र वाळू, निळंशार पाणी, माडाखाली दोन खुर्च्या आणि हातात शहाळं! जाहिरातीतलं हे चित्र अगदी खरं आहे. फक्त त्या खुर्चीत दोन दिवस बसून झाल्यावर तिसऱ्या दिवशी माणसाने करायचं काय, एवढं मात्र जाहिरात सांगत नाही.

आयुष्यातले बरेचसे रविवार सह्याद्रीत भटकण्यात घालवलेली आम्ही माणसं. तिसऱ्या दिवशी सकाळी बूट चढवले आणि किनाऱ्याकिनाऱ्याने चालत निघालो. आमच्या हॉटेलची हद्द संपली, दुसऱ्या हॉटेलची सुरू झाली. वाळूवर ओळीने छत्र्या मांडलेल्या, आणि त्यांच्या कडेला गणवेशातला एक पहारेकरी. आमच्या पुढे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन एक सत्तरीचे गृहस्थ चालले होते. पहारेकऱ्याने त्यांना अडवलं. आमच्याकडे त्याने पाहिलंही नाही. आमच्या मनगटावर हॉटेलचा रंगीत पट्टा होता ना!

गृहस्थ रागावले नाहीत. त्यांनी पायाखालच्या ओल्या वाळूकडे बोट दाखवलं, तिथल्या क्रिओल बोलीत दोन-चार वाक्यं शांतपणे ऐकवली आणि सरळ पुढे चालू लागले. पहारेकरी बाजूला झाला. सौभाग्यवती मला म्हणाली, ‘‘बघितलंस? गावच्या माणसालाच अडवतात.’’ ते ऐकून गृहस्थ थबकले, वळले आणि म्हणाले, ‘‘तुम्ही मराठी काय?’’

मुंबईपासून विमानाने सहा-साडेसहा तासांच्या अंतरावर, हिंदी महासागराच्या मध्यावर, ओल्या वाळूत उभं राहून कुणी आपल्याला असं विचारतं तेव्हा काय वाटतं, ते लिहून सांगता येत नाही. काका निवृत्त शिक्षक होते. प्राथमिक शाळेत मराठी शिकवत. (हो, तिथल्या शाळांतून आजही मराठी शिकवली जाते.) त्यांचे पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून ऊसमळ्यावर मजूर म्हणून आलेले. काकांची मराठी पाठ्यपुस्तकातल्यासारखी, सावकाश, एकेक शब्द तपासून ठेवल्यासारखी होती.

‘‘काय सांगितलंत त्याला?’’ मी विचारलं.

‘‘भरतीची रेघ जिथपर्यंत येते, तिथून खाली सगळं सर्वांचं आहे. मी रेघेच्या खाली चालत होतो. बस्, एवढंच.’’

पन्नास पावलांची पट्टी

गोष्ट एवढीशी, पण पुढचे सहा दिवस ती आमच्याबरोबर चालत राहिली. मॉरिशसच्या कायद्यात भरतीच्या रेषेपासून आत ८१.२१ मीटर रुंदीची एक पट्टी बेटाभोवती सरकारी जमीन म्हणून राखलेली आहे. फ्रेंच राजवटीतली ही ‘पन्नास पावलं’. पुढे इंग्रजांच्या काळात, १८९५ साली, त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. मात्र यातली बरीच जमीन हॉटेलांना आणि बंगल्यांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेली आहे. भरतीच्या रेषेखालची ओली वाळू मोकळी आहे, पण रस्त्यावरून त्या वाळूपर्यंत उतरायची वाट कित्येक ठिकाणी भिंतीआड गेलेली. किनारा सर्वांचा खरा, पण तिथे पोचायचं कसं, हा प्रश्न उरतोच. ‘आमचे किनारे चोरणं थांबवा’ अशा अर्थाचं क्रिओल नाव घेतलेली नागरिकांची एक चळवळही या प्रश्नावर तिथे उभी राहिली आहे.

काकांचा त्यावरचा उपाय साधा होता. ‘‘वाट चालली नाही, तर वाट राहत नाही. म्हणून मी चालतो.’’ निवृत्तीनंतर आठवड्यातून दोनदा बस पकडायची, बेटाच्या कुठल्यातरी टोकाला उतरायचं आणि चालायचं. ज्येष्ठांना तिथे बसप्रवास फुकट आहे. ‘‘ताई, उद्या येता का?’’ त्यांनी माझ्या पत्नीला विचारलं. मला विचारायची गरज नाही, हे त्यांनी माझ्या बुटांवरून ओळखलं असावं.

ओळखीचा दगड

दुसऱ्या दिवशी आम्ही दक्षिण टोकाच्या सुयाक गावी उतरलो. मॉरिशसभोवती जवळपास सगळीकडे पोवळ्यांचा बांध आहे. लाटा त्याच्यावर फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं शांत राहतं. दक्षिणेला सुयाकजवळच्या ग्री-ग्री इथे हा बांध तुटतो. मग समुद्र थेट कड्यावर येऊन आदळतो. पोहायला अत्यंत धोक्याची जागा, पण चालायला काय सुरेख! कड्याच्या माथ्यावरून गवतातली वाट ‘रडणाऱ्या खडका’कडे जाते. लाट ओसरली, की काळ्या खडकाच्या खाचांतून पाण्याच्या धारा गळत राहतात, म्हणून ते नाव. या वाटेजवळच कवी रॉबर्ट एडवर्ड हार्ट यांचं पोवळ्याच्या दगडांनी बांधलेलं घर आहे. १९५४ साली ते वारले. इतक्या लाटांच्या गजरात त्यांना कविता ऐकू तरी कशा येत असतील, असं पत्नी म्हणाली. काका म्हणाले, ‘‘म्हणूनच कदाचित लिहून ठेवत असतील.’’

मी मात्र खडकाकडेच पाहत होतो. तो काळाकभिन्न, सच्छिद्र दगड ओळखीचा वाटत होता, आणि तसा तो आहेच. भूशास्त्रज्ञ सांगतात, की पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेतून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा उसळून आपलं दख्खनचं पठार आणि सह्याद्री घडला, त्याच जागेने पुढे हे बेट घडवलं. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला. जागेवरचा लाव्हा येतच राहिला. लक्षद्वीप आणि मालदीवच्या बेटांचा पाया त्याने घातला आणि सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आलं. आज तोच लाव्हा शेजारच्या रियुनियन बेटावरच्या जागत्या ज्वालामुखीतून बाहेर पडतो. म्हणजे नात्याने मॉरिशस सह्याद्रीचं धाकटं भावंडच म्हणायचं! भावंड उंचीने बेताचं आहे. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचं, म्हणजे जवळपास आपल्या रायगडाएवढं. पण इथे डोंगर समुद्रातूनच उठतात, त्यामुळे ते आहेत त्याहून मोठे भासतात.

सुयाकहून आत वळून उसाच्या शेतांतल्या मातीच्या रस्त्याने आम्ही रोचेस्टर धबधब्याकडे निघालो. ऑगस्ट महिना, ऊसतोडणी ऐन भरात. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, मधून सुटलेला गार वारा आणि शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे प्रचंड ढीग. काही ढीग तर इतके नीट रचलेले, की एखाद्या पडक्या गढीचा बुरूजच वाटावा. ‘‘हे काय?’’ मी विचारलं.

‘‘आमचे किल्ले,’’ काका म्हणाले. ‘‘ऊस लावायला जमीन मोकळी हवी. जमिनीत सगळे दगड. ते कुणीतरी उचलले ना?’’

चालणं हा गुन्हा

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून भारतीय मजुरांची पहिली तुकडी सरकारी करारपद्धतीखाली पोर्ट लुईच्या बंदरात आली. गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपणार होती आणि मळेवाल्यांना नवे हात हवे होते. पुढच्या सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय इथे उतरले. बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशाकडचे, दक्षिणेतलेही बरेच, आणि मुंबई बंदरातून आलेले आपले कोकणी, देशावरचे मराठी लोक. ते ज्या धक्क्यावर उतरत, त्या आप्रवासी घाटाला २००६ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

हे सगळं आपण कुठे ना कुठे वाचलेलं असतं. काकांनी सांगितलेली गोष्ट मात्र मला ठाऊक नव्हती. कराराची वर्षं संपवून ‘मोकळ्या’ झालेल्या मजुरालाही मोकळेपणाने हिंडता येत नसे. १८६७ च्या कायद्याने त्याला स्वतःचा फोटो लावलेलं तिकीट कायम जवळ बाळगणं सक्तीचं झालं. हद्दीबाहेर जायचं तर पोलिसांचा पास. वाटेत कुणी हटकलं आणि कागद नसला, तर तो ‘भटक्या’ ठरे आणि सरळ कोठडीत जाई. नातलगाला भेटायला शेजारच्या मळ्यावर निघालेला माणूसदेखील यातून सुटत नसे. अखेर १८७१ साली आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्याने नऊ हजारांहून अधिक मजुरांच्या वतीने अर्ज तयार केला, आणि १८७२ मध्ये इंग्लंडहून शाही चौकशी आयोग आला.

धबधब्याशी पोचल्यावर काकांनी पाकिटातून एक घडी घातलेला कागद काढला. त्यांच्या पणजोबांच्या फोटोची झेरॉक्स. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांची जुनी दप्तरं जपून ठेवलेली आहेत, तिथून मिळवलेली. खांद्यावर पंचा, गालफडं बसलेली, नजर कॅमेऱ्याकडे रोखलेली. चेहरा असा, की उद्या चिपळूणच्या एसटी स्टँडवर दिसला तर आपण सहज वाट विचारावी.

‘‘या माणसाला इथून तिथे जायला परवानगी लागे,’’ काका म्हणाले. ‘‘मला कुणी वाट अडवली, की मी याला आठवतो.’’

समोर बसाल्टच्या चौकोनी-षट्कोनी खांबांवरून पाणी कोसळत होतं. गावातली चार पोरं वरून उड्या मारत होती. आम्ही तिघंही बराच वेळ काही बोललो नाही.

रानातली वाट

उसाच्या आधीचं मॉरिशस पाहायचं, तर ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या राष्ट्रीय उद्यानात जावं लागतं. १९९४ साली घोषित झालेलं हे उद्यान साडेसहा हजार हेक्टरांहून थोडं मोठं आहे. पेत्रें या पठारावरच्या ठिकाणाहून माकाबेच्या रानातून दरीत उतरणारी वाट सुमारे १० किलोमीटरची. सुरुवात अगदी सपाट. मग एका टोकावरून दरी उघडते आणि शेपटीला लांबलचक पिसं असलेले पांढरे समुद्रपक्षी खाली घिरट्या घालताना दिसतात. पुढचा उतार मात्र गुडघ्यांची परीक्षा घेतो. ओल्या मातीत पत्नी दोनदा घसरली आणि मी एकदा. (तिच्या म्हणण्याप्रमाणे मीही दोनदाच.)

वाटेच्या दोन्ही बाजूंना चिनी पेरूची गर्द झुडपं आहेत. याची चिमुकली लाल फळं मॉरिशसची माणसं हंगामात टोपल्या भरभरून नेतात. चवीला झकास, पण हे झाड बाहेरून आलेलं, आणि मूळ रानाला त्याने पार वेढून टाकलंय. आबनूस तोडणाऱ्या डच लोकांपासून ऊस लावणाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी हात चालवल्यावर बेटावरचं चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल आज २ टक्क्यांहूनही कमी उरलं आहे. डोडो गेला, हे तर जगजाहीर. पण जे वाचलं त्याचीही गोष्ट सांगायला हवी. मॉरिशसचा छोटा शिकारी ससाणा १९७४ साली अवघे चार पक्षी उरेपर्यंत खालावला होता. अंडी उबवून, पिल्लं हाताने भरवून, पुन्हा रानात सोडून माणसांनी त्याला काही शेकड्यांवर आणलं.

पेत्रेंच्या जवळच गंगा तलाव आहे, ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं तळं. १८९८ साली त्रियोले गावाहून काही भाविक चालत इथे आले आणि तेव्हापासून महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लाखो माणसं खांद्यावर कावडी घेऊन चालत येतात. रस्त्यात ठिकठिकाणी पाणी, सरबत, खाणं देणारे मांडव असतात, आणि देणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात. काकांनी हे सांगितलं तेव्हा आम्हाला अर्थातच आपली वारी आठवली. ज्यांच्या आजे-पणजांना शेजारच्या मळ्यावर जायला पास लागे, त्यांची नातवंडं वर्षातून एकदा सगळं बेट पायी ओलांडतात.

उसाचं पाचट आणि काळं पाणी

पाचव्या दिवशी आग्नेय किनाऱ्यावर माएबुर ते प्वांत देस्नी असं चाललो. इथलं पाणी इतकं नितळ, की उभ्या होडीची सावली तळाच्या वाळूवर दिसते. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ नावाचं मालवाहू जहाज इथल्याच पोवळ्यांच्या बांधावर येऊन रुतलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे १,००० टन तेल समुद्रात सांडलं. तेव्हा हजारो माणसं आपणहून किनाऱ्यावर धावली. उसाचं पाचट कापडाच्या लांब पिशव्यांत भरून, शिवून त्यांनी तरंगते बांध तयार केले. तेल शोषून घ्यायला कुणी डोक्याचे केसदेखील कापून दिले.

काकाही गेले होते. ‘‘आठ दिवस हाताचा काळा रंग गेला नाही,’’ ते म्हणाले. ‘‘त्या दिवशी कुणी विचारलं नाही, हा किनारा कुणाचा. सगळ्यांना माहीत होतं.’’ ज्या उसाने त्यांच्या पणजोबांना बांधून ठेवलं, त्याच उसाच्या पाचटाने नातवंडांनी समुद्र वाचवायची धडपड केली.

ल मॉर्न

शेवटचा दिवस ल मॉर्नसाठी राखून ठेवला होता. बेटाच्या नैर्ऋत्य टोकावर समुद्रात पाय सोडून बसलेला ५५६ मीटर उंचीचा हा उभा कातळ. मळ्यांवरून पळालेले गुलाम याच्या कपारींत आणि माथ्यावर लपून राहत. लोककथा सांगते, की गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई डोंगराकडे आले, तेव्हा ते पकडायलाच आले असं समजून वरच्या माणसांनी कड्यावरून उड्या घेतल्या. स्वातंत्र्य पायथ्याशी येऊन पोचलं होतं आणि ते वर कळलंच नाही. २००८ साली ल मॉर्नला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. वर जाणारी वाट खासगी जमिनीत होती, ती २०१६ मध्ये लोकांसाठी रीतसर खुली झाली.

पहाटेच निघालो. जाऊन-येऊन सुमारे ७ किलोमीटर, तीन-चार तासांचं काम. पहिला अर्धा रस्ता रुंद आणि सोपा. लहान मुलं, आजी-आजोबाही येतात. पुढे वाट उभ्या खडकाला भिडते आणि हाताचा आधार घ्यावा लागतो. पत्नी आणि काका सोप्या टप्प्याच्या टोकाशी थांबले. मी वर चढलो. खडकाच्या बेचक्यातल्या एका झुडपावर लाल घंटेसारखी फुलं लटकत होती. मॉरिशसचं हे राष्ट्रीय फूल. निसर्गतः ते फक्त याच डोंगरावर उगवतं. वाट संपते तिथे लोखंडी क्रूस आहे. खाली निळ्या-हिरव्या पाण्याच्या पंधरा छटा, त्यापलीकडे बांधावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ, आणि मग नुसता महासागर. कडा दिसला, तसा मी नकळत दोन पावलं मागे सरकलो.

एक गोष्ट सांगायची राहिली. पायथ्याच्या फाटकाशी प्रत्येकाला नोंदवहीत नाव लिहावं लागतं. काकांनी सही केली आणि खिशातल्या पाकिटावर हात ठेवून हसले. ‘‘त्यांना तिकीट दाखवावं लागे. माझं सहीवर भागतं.’’

जाणाऱ्यांसाठी

मे ते नोव्हेंबर हा हवा कोरडी आणि गार असण्याचा काळ. चक्रीवादळांचा जोर जानेवारी ते मार्चमध्ये. पकड असलेले बूट, टोपी, भरपूर पाणी आणि पावसाची चादर हवीच, कारण पठारावर पाऊस केव्हाही येतो. रानात विषारी साप नाहीत, ही आपल्याकडच्या भटक्यांना मोठीच सवलत! समुद्रात उतरताना मात्र पायात रबरी बूट घाला. पोवळी कापतात आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासा तळाशी असतो. दक्षिणेच्या कड्यांवर पाण्यात उतरू नका. खासगी मळ्यांतून आणि हरणांच्या शिकारीच्या रानांतून जाणाऱ्या वाटांवर आधी विचारून जा. आणि बसने हिंडा. भाड्याच्या गाडीत बेट दिसतं. बसमध्ये माणसं भेटतात.

परत आल्यावर महिन्याभराने आम्ही गणपतीला गावी गेलो, रत्नागिरीच्या खाली. घरापासून समुद्राकडे उतरणारी जुनी पाखाडी आहे, लहानपणी दिवसातून चार वेळा तुडवलेली. आता सगळे गाडीरस्त्याने जातात. पाखाडीवर रान माजलेलं, आणि खालच्या टोकाशी कुणीतरी नवं तारेचं कुंपण घातलेलं. घरातल्या मंडळींना कुंपण कधी पडलं हेही सांगता येईना. कुणी त्या वाटेने गेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोयता घेतला, पुतण्यांना हाक मारली आणि पाखाडी साफ करायला लागलो. कुंपणाचं काय करायचं, ते ग्रामपंचायतीत जाऊन विचारायचं ठरलं आहे. तोवर पोरांना सांगून ठेवलंय, रोज एकदा तरी या वाटेने उतरायचं.